कुंडीतली मिरी: रोप घेण्याआधी फांदी ओळखा

सहा वर्षांपूर्वी जूनच्या एकाच आठवड्यात माझ्या डोंबिवलीच्या गॅलरीत मिरीची दोन रोपं आली. एक जवळच्या नर्सरीतून ‘कुंडीतली मिरी’ म्हणून विकत घेतलेलं. दुसरं गुहागरजवळच्या आमच्या आगरातलं, मामाने स्वतः कलम करून पिशवीत वाढवलेलं. दोन्हींना माती एकच, ऊन एकच, पाणी घालणारा हातही एकच. नर्सरीचं रोप बघता बघता ग्रिलवर चढलं, वरच्या मजल्यापर्यंत गेलं, पण चार वर्षांत त्याला एक दाणा धरला नाही. मामाचं रोप गुडघ्याएवढंच राहिलं आणि पुढच्याच पावसाळ्यात त्याला तुरे आले.

मिरी घरी लावू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. खत, माती, फवारणी सगळं नंतर. आपलं रोप मिरवेलीच्या कुठल्या फांदीपासून केलेलं आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

तीन फांद्या, तीन स्वभाव

मिरवेलीला तीन तऱ्हेच्या फांद्या असतात. पहिली वर चढणारी. तिच्या प्रत्येक पेराला आखूड, चिवट मुळ्या फुटतात आणि त्या झाडाच्या सालीला घट्ट धरून बसतात. दुसरी बुंध्याजवळून निघून जमिनीवर पसरणारी, तिला धावती फांदी म्हणतात. ही लांबच लांब जाते, तिच्या दोन पेरांमधलं अंतरही जास्त असतं. तिसरी फांदी चढणाऱ्या वेलापासून आडवी बाहेर येते आणि मिरी फक्त हिलाच लागते.

कलम ज्या फांदीचं, तिचा स्वभाव रोपात उतरतो. धावत्या फांदीपासून केलेलं रोप वेलच होणार. त्याला चढायला आधार हवा, आणि वर चढून आडव्या फांद्या फुटेपर्यंत त्याला मिरी येणार नाही. आडव्या फांदीपासून केलेलं रोप मात्र चढत नाही. ते झुडपासारखं राहतं आणि लहानपणापासून फळतं. याला नर्सरीत बुश पेपर म्हणतात, कोणी झुडपी मिरीही म्हणतं. कुंडीसाठी हवं ते हे.

रोप हातात घेऊन ओळखायची रीत सोपी आहे. दांडी उजेडात धरा आणि पेरं बघा. पेरापेराला मुळ्यांचे छोटे झुपके किंवा त्यांचे तपकिरी ठिपके दिसले, तर तो वेल आहे. बुश पेपरच्या फांदीची पेरं मात्र स्वच्छ असतात, आणि फांदी सरळ न जाता प्रत्येक पेराशी थोडी वळते. मग पान उलटं करून मधली शीर बघा. वेलाचं पान नागवेलीच्या पानासारखं, दोन्ही बाजू जवळपास सारख्या. बुश पेपरच्या पानाची देठाकडची एक बाजू दुसरीपेक्षा जरा मोठी असते, पान किंचित तिरकं वाटतं. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे पानाच्या समोरच्या बाजूला लोंबणारा तुरा, निदान त्याचं वाळलेलं देठ. ते दिसलं तर रोप डोळे मिटून विकत घ्या.

नागवेलीचं नाव उगाच घेतलं नाही. ती आणि पिंपळी ही मिरीची सख्खी भावंडं आहेत. पानं इतकी सारखी, की नागवेल मिरी म्हणून गळ्यात पडू शकते. पान चुरगळून वास घ्या. विड्याचा वास लगेच कळतो.

डब्यातले मिरे पेरू नका. बाजारातली काळी मिरी उन्हात कडकडीत वाळवलेली असते, बरेचदा गरम पाण्यातून काढलेली असते, त्यामुळे ती रुजत नाही. वेलावरचे ताजे, लाल पिकलेले दाणे रुजतात, पण त्या रोपांना फळायला अनेक वर्षं लागतात आणि ती आईसारखीच निघतील याचीही खात्री नसते. म्हणून मिरीची लागवड कलमांवरच चालते.

रोप कुठून आणि कुठली जात

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आणि रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात मसाल्याच्या झाडांवर काम चालतं. माडांच्या मधल्या जागेत मिरी, जायफळ, दालचिनी लावायची ‘लाखी बाग’ ही कल्पना भाट्येचीच. कोकणात जाणं होत असेल तर रोपांची चौकशी आधी तिथे करा. रोप खात्रीचं मिळतं, आणि ‘हे कुठल्या फांदीचं?’ या प्रश्नाला नीट उत्तर मिळतं.

जातींत दोन नावं लक्षात ठेवली तरी नवशिक्याचं भागतं. पन्नियूर-1 ही केरळातल्या पन्नियूरच्या संशोधन केंद्राने काढलेली संकरित जात. घोस लांब, दाणे टपोरे, पण तिला उजेड लागतो. दाट सावलीत ती नुसती पानं काढते. करीमुंडा ही केरळातली जुनी जात सावली बऱ्यापैकी सोसते. गॅलरीत तीन-चार तास सकाळचं ऊन येत असेल तर पन्नियूर, समोर इमारत असेल तर करीमुंडा.

कुंडी भरताना

कुंडी बारा ते चौदा इंचांची घ्या. तळाला निदान चार-पाच भोकं हवीत. त्यांवर खापराचे तुकडे पालथे ठेवा, वर नारळाच्या सोडणाचा पातळ थर द्या. मातीचं माप दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कोकणातली तांबडी जांभ्याची माती मिरीला फार मानवते, कारण तिला किंचित आंबट माती लागते. पुण्याकडची, देशावरची काळी माती वापरायची वेळ आली तर वाळू आणि कोकोपीट मिळून निम्मं करा. काळी माती पाणी धरून ठेवते, आणि मिरीच्या मुळांना नेमकं तेच सोसत नाही. कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. तिच्यामुळे मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी दबून राहतात.

रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल लावा. मातीची रेघ दांडीवर दिसते, तिच्या वर माती चढवू नका. कुंडी ताटलीत ठेवायची नाही, दोन विटांवर ठेवायची, म्हणजे भोकं मोकळी राहतात. लावायला जून-जुलै उत्तम. तेव्हा हवेत दमटपणा असतो आणि रोप पहिल्याच आठवड्यात तग धरतं.

पाणी

मिरी मरते ती बहुतेक वेळा पाण्याने, आणि कमी नव्हे, जास्त पाण्याने. माझी दोन रोपं अशीच गेली. पानं मलूल दिसली, मला वाटलं तहानली आहेत, मी आणखी पाणी घातलं. खरं तर मुळं आधीच कुजली होती आणि म्हणून पानांपर्यंत पाणी पोचत नव्हतं. मामाला फोन केला तर तो म्हणाला, “अगो, पाणी घालायचं ते मिरीला तहान लागली म्हणून, तुला वेळ आहे म्हणून नव्हे.”

तेव्हापासून मी बोट घालून बघते. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायची. तिथे ओल लागली तर झारी बाजूला ठेवायची. कोरडं लागलं तर भोकातून पाणी येईपर्यंत घालायचं आणि परत वाट बघायची. मुंबईच्या हवेत हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये रोज, आणि जुलैत अंगावर पाऊस येत असेल तर अजिबात नाही. सलग झोडपणारा पाऊस असेल तेव्हा कुंडी थोडी आत सरकवा.

उन्हाळ्यात मातीवर वाळका पालापाचोळा किंवा सोडणाचे तुकडे पसरून ठेवा, पण दांडीपासून चार बोटं लांब. बुंध्याला ओला पाचोळा चिकटला की तिथे कूज धरते. दुपारचं थेट ऊन पडत असेल तर मार्च ते मेअखेर हिरवी शेडनेट लावा. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत शेडनेटला पर्याय नाही, शिवाय सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याचा फवारा मारावा लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात मिरी टिकवणं खरंच कठीण आहे, तिथे ती घराच्या उत्तरेच्या बाजूला, इतर कुंड्यांच्या गर्दीत ठेवा. थंड देशांत राहणाऱ्यांनी हिवाळ्याआधी कुंडी घरात घ्यावी, खिडकीशी ठेवावी आणि हीटरच्या झोतापासून लांब ठेवावी.

खाऊ घालणं

दर दोन महिन्यांनी मी कुंडीमागे 30 ग्रॅम निंबोळी पेंड आणि 15 ग्रॅम भुईमुगाची पेंड देते. कडेकडेने माती उकरायची, पेंड टाकायची, माती सारखी करायची, पाणी घालायचं. मधल्या महिन्यात एक मूठ गांडूळखत. मिरीची मुळं वरवर असतात, म्हणून खुरपं खोल घालू नका, बोटांनी उकरलं तरी पुरतं. दोन वर्षं झाली की पावसाच्या तोंडावर रोप काढून नवी माती भरा.

तुरे, आणि पावसाचं काम

जूनमध्ये पाऊस लागला की नवी पालवी फुटते. पालवी आधी फिकट, पोपटी, मऊ असते. पान उलगडताना त्याच्या समोरून एक बारीक हिरवा दोरा खाली लोंबायला लागतो, तोच तुरा. त्याच्यावरची फुलं इतकी बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना ती पांढुरक्या ठिपक्यांसारखी दिसतात. लागवडीच्या बहुतेक जातींत स्त्री आणि पुरुष केसर एकाच फुलात असतात, त्यामुळे एक रोप असलं तरी फळ धरतं. पराग पसरायला तुऱ्यावरून ओघळणाऱ्या पाण्याची मोठी मदत होते.

गॅलरीवर छत असलं की इथेच अडतं. तुरे येतात, पण त्यांच्यावर पाऊस पडत नाही. मग घोसात चार दाणे इथे, सहा तिथे, मध्ये सगळं रिकामं. माझ्या पहिल्या वर्षीचे घोस असेच विरळ होते. दुसऱ्या वर्षीपासून तुरे पांढरे दिसायला लागले की मी ती कुंडी रोज तासभर रिमझिम पावसात ठेवायला लागले. ज्या दिवशी पाऊस नसेल त्या दिवशी सकाळी स्प्रेच्या बाटलीने तुऱ्यांवर हलका फवारा, पाणी टोकापर्यंत ओघळेल इतकाच. घोस भरून यायला लागले. तुरे आल्यावर पावसाने दहा-बारा दिवस दडी मारली तर तुरे गळतात, तेव्हा फवारा चुकवू नका.

मर

मिरीचा खरा शत्रू म्हणजे मर रोग. जमिनीतल्या बुरशीसारख्या एका जंतूने तो होतो, आणि भर पावसाळ्यात येतो. खालच्या पानावर काळा, पाण्यात भिजल्यासारखा डाग पडतो. त्याची कड रेखीव नसते, पिसासारखी विसकटलेली असते. डाग वाढतो, पान हिरवं असतानाच गळतं, आणि बुंध्याला कूज लागली की एक-दोन आठवड्यांत रोप जातं. त्या टप्प्यावर उपाय फारसा उरत नाही, म्हणून सगळी मेहनत आधी करायची.

मातीला टेकणारी खालची पानं मे महिन्यातच कापून टाका. पावसाचे थेंब मातीवर आपटून उडतात आणि त्यांच्याबरोबर रोग पानावर चढतो. पाऊस सुरू होण्याआधी एकदा आणि ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की दुसऱ्यांदा एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. घरगुती माप: 10 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 10 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत. चुना आधी थोड्या पाण्यात विरवून मग गाळून घ्यायचा. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतायचं आणि लाकडी काडीने ढवळत राहायचं. रंग सुंदर आकाशी येतो. मग स्वच्छ लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांब्याची लाली चढली तर चुना कमी आहे, थोडा आणखी घाला आणि पुन्हा बघा. पातं होतं तसंच निघालं की मिश्रण तयार. ते त्याच दिवशी वापरून संपवायचं. हातमोजे, चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा, आणि फवारा पानांच्या खालच्या बाजूलाही बसू द्या.

ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी खतात मिसळून मातीत देता येते. पण बोर्डोबरोबर एकाच वेळी नको, मोरचूद तिलाही मारतं. दोन्हींमध्ये पंधरा-वीस दिवस जाऊ द्या.

पिठ्या ढेकूण दिसला तर जुना मऊ टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून पेरापेरातून फिरवा. त्याच्यासाठी औषध आणावं असं मला कधी वाटलं नाही.

स्वतः कलम करायचं असेल

धावत्या फांदीचं कलम सोपं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीन पेरांचे तुकडे करा, पानं देठ ठेवून कापा, एक पेर मातीत जाईल असे पिशवीत लावा आणि सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळ्या फुटतात.

आडव्या फांदीचं कलम जास्त हट्टी. वर्षभर जुनी, तीन-चार पेरांची फांदी घ्या, टोकाचं एक पान ठेवा, बाकीची कापा. खालचं टोक तिरकं छाटून मुळं फुटायच्या पावडरमध्ये बुडवा आणि ओलसर कोकोपीटमध्ये लावा. वरून पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड बांधा, आतून थेंब जमले पाहिजेत. मग दीड-दोन महिने पिशवी उघडायची नाही. मामाच्या हातची दहातली सहा-सात लागतात, माझी तीन-चार. म्हणून एकच कलम करून वाट बघू नका, एकदम आठ-दहा लावा.

गावाकडे जागा असेल तर

मग कुंडीच्या नादी न लागता वेलच लावा. मोठा माड, पोफळ, फणस, आंबा, कुठलंही खरखरीत सालीचं झाड चालतं. गोव्याच्या कुळागरात, म्हणजे तिथल्या पोफळीच्या बागेत, पोफळीवर चढलेल्या मिरवेली बघितल्या की हे किती जुनं आणि शहाणपणाचं आहे ते दिसतं. बुंध्यापासून हातभर नको, साधारण 30 सेंटिमीटरवर, उत्तर किंवा ईशान्य बाजूला खड्डा घ्या, म्हणजे कोवळ्या वेलाला दक्षिणेचं ऊन लागत नाही. पहिल्या पावसात रोप लावा आणि वाढेल तसा वेल सुंभाने खोडाला सैल बांधत जा. पेर सालीला टेकलं तरच मुळ्या धरतात. हवेत लोंबणारी फांदी वाढत राहते, फळत नाही. माझ्या ग्रिलवरच्या वेलाचं तेच झालं होतं. तिसऱ्या वर्षापासून मिरी दिसायला लागते. वेल पंधरा-वीस फुटांवर गेला की शेंडा खुडा, नाहीतर तोडणीला शिडी पुरत नाही. माडावर वेल असेल तर नारळ काढणारा पाडेली चढणार कसा, याचाही आधी विचार करा. आमच्याकडे म्हणून नारळ काढायचे माड वेगळे आणि मिरीचे वेगळे ठेवले आहेत.

तो गॅलरीतला वेल मी शेवटी मामाकडे नेऊन फणसाच्या मुळाशी लावला. गेल्या जानेवारीत त्याला पहिले घोस आले.

तोडणी आणि वाळवण

तुरा आल्यापासून सहा-आठ महिन्यांनी, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत घोस तयार होतात. घोसातला एखाद-दुसरा दाणा नारिंगी-लाल झाला की अख्खा घोस कात्रीने कापायचा. सगळे लाल व्हायची वाट बघितलीत तर बुलबुल ते आधी नेतील.

कापलेले घोस रात्रभर सुती पिशवीत बांधून ठेवा. सकाळी तळहातांमध्ये हलके चोळले की दाणे सुटतात. दाणे पातळ फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा आणि लगेच काढा. यामुळे रंग एकसारखा काळा येतो आणि वाळतातही लवकर. मग सुपात किंवा स्वच्छ फडक्यावर पातळ पसरून कडक उन्हात चार-पाच दिवस. दुपारपर्यंत हिरवे दाणे तपकिरी होतात, संध्याकाळी साल सुरकुतायला लागते. रोज हाताने वर-खाली करा, रात्री घरात घ्या. सूप हलवल्यावर खडखड आवाज आला आणि दाणा दाताखाली कट्कन फुटला की वाळले. एक किलो ओल्या मिरीची साधारण तिसरा हिस्सा काळी मिरी होते. माझ्या कुंडीतून चौथ्या वर्षी पाव किलो ओली निघाली, वाळून ऐंशी ग्रॅमच्या आसपास. दोघांच्या घराला ती वर्षभर पुरली.

थोडे घोस मात्र मी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच काढते, दाणा आत कडक व्हायच्या आधी. धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडे करून, बोटाएवढे तुकडे बरणीत भरायचे, वर जाडं मीठ आणि दाणे बुडतील इतका लिंबाचा रस. बरणी रोज एकदा हलवायची. दोन आठवड्यांनी हिरवा रंग काळपट होतो, रस तिखट होतो, आणि गरम पेजेबरोबर घोस दातांनी ओढून खाता येतो.